कोरडं फडकं

कुणी मोटार कोरड्या फडक्यानं पुसताना दिसला की माझ्या तोंडातून शिवी निघते. गाव कुठलंही असो, मोटार कुणाचीही असो. "अरे गाढवा, आधी पाणी मार, धूळ वाहून जाऊ दे, मग हात लाव!" असं मी ओरडतो, आणि ओरडून झालं की माझं मलाच कसंसं होतं. हे वाक्य मी एका उन्हाळ्यात एका माणसाला वेळेवर सांगायला हवं होतं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं ते भलत्याच माणसाला, भलत्याच वेळी.

त्या माणसाचं नाव लखमा. सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. पन्नाशीचा असेल, अंगानं वाळक्या काटकीसारखा, पुढचा एक दात पडलेला. मी मोटारींत जन्म घालवला, मुंबईचे नामांकित कारागीरही पाहिले, पण लखमासारखी चमक मोटारीला आणणारा दुसरा कुणी मला भेटला नाही. हे मी कौतुकानं बोलत नाही. आहे ते सांगतो.

जव्हार संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या एका मानकऱ्यांकडे ड्रायव्हर होतो. सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे, तेवढं नाव पुरे. त्यांची मोटार काळीभोर, लांबलचक, मोठाल्या पितळी दिव्यांची. उन्हाळा लागला की आबासाहेबांचं बिऱ्हाड जव्हारहून सूर्यमाळच्या बंगल्यावर जायचं, कारण वर हवा गार. मोटारही जायची. मोखाड्यापासून वरचा रस्ता म्हणजे नुसती तांबडी धूळ. बंगल्यावर पोचेपर्यंत काळी मोटार विटेच्या रंगाची व्हायची आणि आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडायची.

मोटार पुसायला लखमाला मी शोधला तो बोहाड्यात. बोहाडा म्हणजे आमच्या भागातला देवांच्या सोंगांचा उत्सव. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे रंगीत मुखवटे चढवून माणसं नाचतात. ते मुखवटे वर्षभर सांभाळायचं आणि उत्सवाआधी त्यांना चमक आणायचं काम लखमाकडे असायचं. मी एक मुखवटा हातात घेऊन पाहिला, तर त्याच्या गालावर मला माझं नाक दिसलं. म्हटलं, "काय रे, हे कशानं केलंस?" तर त्यानं नुसता तळहात वर केला.

तळहात हेच त्याचं मुख्य हत्यार होतं. बाकी सगळं जंगलातलं. लाकूड घासायला खरवतीचा पाला, तो काचकागदासारखा खरबरीत असतो. पोळ्याचं मेण वितळवून त्यात जवसाचं तेल घालायचा, मी आणून दिलेलं टर्पेंटाईनही घालायला लागला, आणि थंड झालं की ते लोण्यासारखं बोटावर घ्यायचा. पितळेला चिंच आणि भाताच्या तुसाची राख, तीही धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलेली. विलायती पॉलिशचा डबा मी त्याला कौतुकानं दाखवला. त्यानं वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाला, "हा गोऱ्यांच्या मोटारीला लावा."

मोटार धुवायची कशी, हे मात्र मी त्याला शिकवलं. आधी वरून पाणी सोडायचं, धूळ आपोआप उतरू द्यायची, मग भिजलेलं फडकं, मग मऊ कातडं, आणि मेण अगदी शेवटी. हात सरळ मारायचा, गोल फिरवायचा नाही. तो ऐकायचा, पण त्याला ते फारसं पटलेलं नव्हतं. "देवाच्या तोंडाला आमी कधी पानी लावत नाय," तो म्हणायचा. "पानी लागलं का देव फुगतो. सुक्या फडक्यानं पुसायचा, मेन लावायचा, हातानं जिरवायचा."

"ही मोटार आहे बाबा, देव नाही."

"बरं," म्हणायचा. आणि मी सांगितलं तसं करायचा.

काम झालं की तो पुढच्या मडगार्डसमोर उकिडवा बसायचा आणि ओठ फाकवून मोटारीला दात दाखवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला वेडबिड लागलं की काय! पण ती त्याची परीक्षा होती. मडगार्डात पडक्या दाताची खिंड नीट दिसली की काम पुरं. "दात दिसलं, डायवरदादा. झाली मोटार." अंधुक दिसली तर पुन्हा मेण, पुन्हा तळहात.

एकदा बंगल्यावरच्या कोंबड्यानं दारात स्वतःलाच पाहिलं आणि दुसरा कोंबडा समजून त्याच्यावर झेप घेतली. आबासाहेब व्हरांड्यात होते, पोट धरून हसले. लखमा हसला नाही. चोचीची खूण काढायला त्याला अर्धा दिवस लागला, आणि तेवढा वेळ तो त्या कोंबड्याशी भांडत होता. कोंबडा संध्याकाळी पातेल्यात गेला तेव्हा लखमा म्हणतो, "मी नाय हो खानार. त्यानं माजं काम चांगलं पारखलं."

मोटारीत तो कधी बसला नाही. जव्हारला जायचं असलं तर पहाटे उठून डोंगरवाटेनं चालत निघायचा. किती वेळा म्हटलं, "चल रे, बस पुढं." तर म्हणायचा, "मी बसलो त पुसनार कोन?" यात विनोद किती आणि खरं किती, ते मला कधी कळलं नाही.

त्याच्या घरात दोनच माणसं. तो आणि त्याची लेक ठकी. ठकीचा नवरा लाकूडतोडीला लांब गेलेला असायचा. बायको मेलेली, आणि ती कशी मेली हे लखमानं मला एकदाच सांगितलं, दिव्याच्या पितळेला चिंच लावता लावता. पाड्याखाली एक विहीर आहे. चैत्र उलटला की तिच्या तळाला ओंजळभर पाणी राहतं. बायका दगडांच्या खोबणीत पाय देत आत उतरतात, तळाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतात आणि दोरानं वर देतात. लखमाची बायको तशीच उतरली होती. खोबणीतला दगड निसटला.

"ठकीला मी नाय उतरू देत," तो म्हणाला. "वरून दोर धरंल, पन खाली नाय. खाली मी उतरतो." आणि खरंच, सगळ्या पाड्यात विहिरीत उतरून पाणी भरणारा बाप्या तो एकटाच. बाकीचे हसायचे. तो पहाटे सगळ्यांच्या आधी उतरायचा, हंडा भरून द्यायचा आणि मग बंगल्यावर कामाला यायचा.

तीन उन्हाळे असे गेले. चौथ्या उन्हाळ्याला ठकीला दिवस गेलेले होते, आणि त्या वर्षी पाणी फारच लवकर तळाला गेलं. विहिरीत रात्रभरात दोन हंडेसुद्धा झिरपेनात. बंगल्याला मात्र पाणी यायचं. खूप खालच्या एका झऱ्यावरून पखालवाला रेड्यावर कातडी पखाली लादून आणायचा. स्वयंपाकाला, आंघोळीला, बागेतल्या दोन गुलाबांना. आणि दोन पखाली रोज मोटारीला.

मोटारीची शेड बंगल्याच्या मागं, पाड्याच्या वाटेला लागून. एके दिवशी मी शेडकडे गेलो तर सात-आठ बायका हंडे घेऊन उभ्या, पखालीचं तोंड सोडलेलं, आणि लखमा एकेकीच्या हंड्यात पाणी सोडतोय. ठकी बाजूला दगडावर बसलेली, पोटावर हात ठेवून. मला पाहताच बायकांनी हंडे मागं घेतले.

मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. मोटार चकचकीत. धुळीचा कण नाही.

"कशानं पुसलीस?"

"सुक्या फडक्यानं. मेन लावला. देवासारखी." आणि मग माझ्याकडे न बघता, "मोटारीला काय तहान लागते, डायवरदादा?"

आता मला सांगा, मी काय म्हणायचं होतं? मला कळत होतं हो, सगळं कळत होतं. मुखवट्यावर घाटातली धूळ बसत नाही. मोटारीवर बसते ती दगडाची पूड असते. कोरडं फडकं फिरवलं की तीच पूड वार्निशावर केसाएवढे चरे पाडते. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, कारण मेण त्या चऱ्यांत बसतं आणि वरून सगळं गुळगुळीत भासतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, "लखमा, निदान अर्धी पखाल ठेव. भिजलं फडकं तरी फिरव." तेवढ्यानं भागलं असतं. मोटारही राहिली असती आणि पाड्यालाही पाणी मिळालं असतं. पण त्या बायका बघत होत्या, ठकी बघत होती, आणि मला त्या घडीला चांगलं माणूस व्हायची हौस आली. मी विडी पेटवली आणि निघून गेलो. महिनाभर रोज तसंच चाललं. त्या महिन्यात विहिरीत कुणी उतरलं नाही.

वैशाखात जव्हारला एका मोठ्या घरातलं लग्न निघालं. लांबलांबचे पाहुणे मोटारी घेऊन येणार होते. नवरदेवाची मिरवणूक आबासाहेबांच्या मोटारीतून निघायचं ठरलं. आबासाहेब नुसते फुलून गेले होते. लग्नाच्या तीन दिवस आधी मी मोटार खाली नेली. लखमा नेहमीसारखा चालत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार अंगणात उन्हात उभी होती. वर गारव्यात टिकलेलं मेण जव्हारच्या उन्हानं आदल्या दिवशीच पाघळलं होतं. आबासाहेब दोन पाहुण्यांना घेऊन आले, बॉनेटकडे बोट करून काही सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. बॉनेटमध्ये सूर्य दिसत होता, आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं. मागंपुढं सरकलं तर जाळंही सरकायचं. जिथं ऊन तिथं जाळं. पाहुण्यांपैकी एक जण हसला.

आबासाहेबांनी मला बाजूला बोलावलं. "दौलत, हे काय?"

मी काहीही सांगू शकलो असतो. वार्निश जुनं झालं म्हणालो असतो. पॉलिशचा डबा खराब निघाला म्हणालो असतो. माझी चूक म्हणालो असतो, तर फार तर नोकरी गेली असती. पण तोंड आपोआप बोललं, "लखमा कोरडं पुसतो, सरकार. पाणी पाड्यावर जातं."

आबासाहेब ओरडले नाहीत. ते फारसे ओरडत नसत. लखमाला बोलावलं, जाळं दाखवलं. लखमा वाकून पाहत राहिला. त्याला ते चरे खरंच पहिल्यांदा दिसले असावेत. त्यानं तळहात बॉनेटवर फिरवला, चरे हाताला लागतात का बघायला. मग आबासाहेब म्हणाले, "मोटारीचं पाणी मोटारीला. आजपासून बंगल्याच्या फाटकात एकही हंडा दिसता कामा नये. आणि हे जाळं जाईपर्यंत याला इथून हलू देऊ नकोस."

सूर्यमाळला निरोप घेऊन माणूस गेला. लखमानं माझ्याकडे एकदाच बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ठकी आता उतरंल, डायवरदादा."

मी म्हटलं, "छे रे, शेजारपाजारच्या आहेत की. दोन दिवसांचा तर प्रश्न."

जाळं काढायला एकच उपाय असतो. चऱ्यांच्या तळापर्यंत वरचं वार्निश घासून उतरवायचं. विलायती डब्यात एक विटकरी पूड येते, पिठाहून बारीक. ती पाण्यात कालवायची, ओल्या फडक्यानं सरळ हात मारत राहायचं, सतत पाणी सोडत राहायचं, आणि हात थांबवायचा नाही. जास्त झालं तर खालचा रंग उघडा पडतो, कमी झालं तर जाळं राहतं. लखमा दोन दिवस जवळजवळ जेवला नाही. बॉनेट झालं, दारं झाली, पुढची मडगार्डं झाली. पाण्याचा पाट अंगणातून रस्त्यावर वाहत होता. मधूनमधून तो त्या पाटाकडे बघायचा आणि पुन्हा खाली मान घालायचा. मी दर तासाला जाऊन म्हणायचो, "झालं रे, आता थोडंच राहिलं." दुसरं काय म्हणणार!

आणि चमक! काय सांगू तुम्हाला. पितळी दिव्यांचं सोनं झालं होतं, आणि दारात समोरच्या आंब्याचं पान न् पान मोजता यायचं. देवाची शप्पथ, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी शेवटचं, डाव्या बाजूचं मागचं मडगार्ड राहिलं होतं. बाकी मोटारीवर झेंडूच्या माळा चढवायला सुरुवात झाली होती. लखमानं त्या मडगार्डावर ओलं फडकं ठेवलं आणि फाटकात पाड्यावरचा एक माणूस येऊन उभा राहिला. रात्रभर चालला होता. त्यानं डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं.

लखमा उठला. "उतरली?" त्यानं विचारलं.

माणसानं होकाराची मान हलवली.

"दगड?"

"पाय घसरला. वरती काढली तवा जीव व्हता. पोरगं पन गेलं."

लखमानं हात धोतराला पुसले. मोटार तिथंच उभी होती, फुलांनी सजलेली, टाकी भरलेली, चावी माझ्या खिशात. सूर्यमाळ चालत म्हणजे दिवस मावळणार. मोटारीनं नेलं असतं तर दुपारच्या आत पोचला असता. त्या दिवशी तो बसला असता, मला पक्कं माहीत आहे. तो दोन पावलं चालून थांबलासुद्धा. मी म्हणेन म्हणून थांबला असेल. आत सनईवाले येऊन बसले होते आणि आबासाहेबांनी दोनदा विचारलं होतं, गाडी तयार आहे का म्हणून. मी खिशातली चावी मुठीत धरून उभा राहिलो. लखमा गेला. पाड्यावरचा तो दमलेला माणूस त्याच्यामागून पुन्हा चालत गेला.

मिरवणूक झकास झाली. मागच्या मडगार्डावर जाळं तसंच होतं. पाहुण्यांनी पाहिलं नाही, नवरदेवानं पाहिलं नाही, आबासाहेबांनी मोटारीला दोनदा चक्कर मारली तरी त्यांनाही दिसलं नाही. कुणाचंही लक्ष गेलं नाही हो! सगळे बॉनेटमध्ये आपापली पागोटी बघत होते.

पंधरवड्यानं आबासाहेबांना घेऊन मी पुन्हा सूर्यमाळला गेलो. वळिवाचा पत्ता नव्हता. येताना मी मोखाड्याला घासलेटचा एक रिकामा डबा घासूनपुसून पाण्यानं भरून घेतला होता, मागच्या बाजूला दोरीनं बांधून. आबासाहेबांना बंगल्यावर सोडलं आणि मोटार तशीच पाड्याकडे वळवली. का नेला तो डबा? एका डब्यानं काय होणार होतं? मला तोंड दाखवायला हातात काहीतरी हवं होतं, दुसरं काय.

लखमा झोपडीबाहेर बसला होता. मोटार थांबली तशा दोन-तीन म्हाताऱ्या हंडे घेऊन आपापल्या दारात आल्या. मी डबा सोडून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "लखमा, पाणी आणलंय."

त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. मग उठला, डबा उचलला, आणि मला वाटलं, तो म्हाताऱ्यांकडे जातोय. तो मोटारीच्या मागं गेला. डाव्या मडगार्डासमोर उभा राहिला आणि डबा कलता केला. मी शिकवलं होतं अगदी तसं, वरून, हळूहळू, धूळ आपोआप उतरू देत.

"अरे लखमा! पाणी! त्यांना दे की ते!"

"मोटारीचं पानी मोटारीला, डायवरदादा," तो म्हणाला.

थेंबही ठेवला नाही. तांबड्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. म्हाताऱ्या रिकामे हंडे घेऊन एकेक करून आत गेल्या. लखमानं खांद्यावरचं फडकं काढलं, ओल्या मडगार्डावरून सरळ हात मारत पुसलं, कोपरे पुसले, कडा पुसली, फडकं पिळून घडी केली आणि माझ्या हातात दिलं. मग तो झोपडीकडे चालता झाला.

मी वाट बघत होतो, तो वाकेल म्हणून. उकिडवा बसेल, ओठ फाकवेल, काहीतरी म्हणेल. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.